अडकलेलं बोट अंगावर काढू नका

सकाळी जाग आल्यावर मूठ उघडायला जावं, तर चार बोटं सरळ होतात आणि एक वाकलेलंच राहतं. जोर लावला की कट्ट होऊन ते झटक्यात उघडतं आणि तळहातातून कळ जाते. दिवसभर कामाच्या रगाड्यात हात मोकळा होतो, त्यामुळे दुखणं विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. असं करत करत काही महिने जातात आणि एक दिवस दुसऱ्या हाताने धरून ओढल्याशिवाय बोट उघडेनासं होतं. डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणतात. दवाखान्यात येणारी माणसं मात्र सरळ सांगतात, ‘डॉक्टर, बोट अडकतंय.’

हा आजार जिवावरचा नाही. ताप येत नाही, रक्त येत नाही, बाहेरून काही दिसतही नाही. म्हणूनच तो इतका अंगावर काढला जातो. त्यात तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो आणि तोही चाळिशी ते साठीच्या दरम्यान. घरचं, शेतातलं, नोकरीचं असं सगळं काम हातावर असण्याचा हाच काळ. बोट दुखतं म्हणून कामाला सुट्टी घेणारी बाई मी क्वचितच पाहिली आहे. वर्षानुवर्षं हातांचे रुग्ण तपासताना एकच गोष्ट मनाला लागते. ज्या बोटाला सुरुवातीला एका पट्टीने किंवा एका इंजेक्शनने आराम पडला असता, ते बोट आमच्यापर्यंत येतं तेव्हा सांधा आखडून गेलेला असतो. म्हणून हे लिहितो आहे.

आधी आत काय बिघडतं ते नीट समजून घेऊ. बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतात. ते कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला असतात. तिथून कंडरा नावाच्या चिवट दोऱ्या निघतात आणि मनगटातून, तळहातातून थेट बोटांच्या हाडांपर्यंत पोचतात. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या अशा दोन कंडरा आहेत, अंगठ्याला एक. बोट वाकताना या दोऱ्या हाडापासून सुटून वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर ठिकठिकाणी आडवी कडी असतात. बोटात अशी मुख्य पाच कडी असतात. त्यातलं पहिलं कडं खरं तर तळहातात, बोटाच्या मुळाशी असतं आणि मूठ आवळताना सगळ्यात जास्त दाब त्याच्यावर येतो. घासून घासून ते कडं जाड आणि अरुंद होतं. त्याच्याखालून जाणारी कंडराही तिथे जाड होते, तिच्यावर लहानशी गाठ तयार होते. परकराच्या नेफ्यातून नाडी ओढताना मध्ये गाठ आली की ती एका जागी अडते आणि हिसका दिला की सटकन पुढे जाते. बोटाचा खटका म्हणजे नेमकं तेच. वाकवणारे स्नायू ताकदीचे, म्हणून मूठ मिटताना गाठ ओढली जाऊन निघून जाते. बोट सरळ करणारे त्या मानाने कमजोर असतात, म्हणून उघडताना ती कड्याच्या तोंडाशी अडून बसते.

इथे रुग्णाची एक मोठी फसगत होते. खटका बोटाच्या मधल्या पेरात जाणवतो, त्यामुळे सगळे समजतात की बिघाड त्याच पेरात आहे. तिथेच तेल चोळलं जातं, तिथेच मलम लागतं, तिथलाच एक्स-रे काढला जातो. आणि एक्स-रेमध्ये काही सापडत नाही. सापडणारही नाही, कारण हाडाला काही झालेलंच नसतं. तुम्ही स्वतः पाहून घ्या. हात उताणा टेबलावर ठेवा. बोटांच्या मुळाखाली तळहातावर जी आडवी रेष आहे, तिच्यावर दुखऱ्या बोटाच्या सरळ रेषेत दुसऱ्या हाताचं बोट दाबून धरा आणि मग दुखरं बोट सावकाश मिटा, उघडा. तिथे दाबल्यावर दुखलं, किंवा बोटाबरोबर सरकणारी बारीक गाठ हाताला लागली, तर दुखण्याचं मूळ सापडलं. अंगठ्याच्या बाबतीत ही जागा अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तो तळहाताला मिळतो तिथल्या घडीवर असते. डॉक्टरही निदान असंच हाताने करतात. त्यासाठी एमआरआय लागत नाही आणि बहुतेकांना एक्स-रेही लागत नाही.

हा आजार नवा नाही. आल्फोन्स नोता या फ्रेंच डॉक्टरांनी १८५० मध्ये कंडरेवरच्या या गाठीचं वर्णन केलं, आणि ती गाठ आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होणारी माणसं शंभरात दोन-तीन तरी असतात. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट ही त्याची आवडती ठिकाणं, पण तो कुठल्याही बोटाला होऊ शकतो, आणि एकाच वेळी दोन-तीन बोटांनाही.

‘काय काम केल्याने झालं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. द्राक्षबागेत दिवसभर कात्री चालवणारे, खुरप्याने भांगलण करणाऱ्या बायका, शिंपी, केस कापणारे कारागीर, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, यांच्या तळहातात त्याच जागी वारंवार दाब येतो. आधीच जाड झालेल्या कड्याला त्या दाबाने त्रास वाढतो, यात शंका नाही. पण काम हेच एकमेव कारण धरून बसू नका. बँकेत बसून काम करणाऱ्यालाही बोट अडकतं आणि कधी जड वस्तू न उचलणाऱ्या आजीलाही. आणि काम हेच कारण मानलं की माणूस म्हणतो, ‘काम तर सुटणार नाही, मग दुखणं कसं सुटेल?’ आणि दवाखान्याची पायरीच चढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. बोट अडकत असेल तर रक्तातली साखर तपासा.

मधुमेह असलेल्यांमध्ये हा आजार साधारण शंभरातल्या दहा जणांपर्यंत दिसतो, म्हणजे इतरांच्या तीन-चार पट. रक्तात साखर बराच काळ जास्त राहिली की ती कंडरा आणि कडी ज्या प्रथिनांची बनलेली असतात त्यांना चिकटत जाते आणि ती ताठ, जाड होतात. मधुमेह जितका जुना तितका हा धोका जास्त. अशा रुग्णांची एकाहून अधिक बोटं अडकतात, दोन्ही हातांची अडकतात, आणि उपचारही सावकाश लागू पडतात. एक साधी परीक्षा घरीच करता येते. दोन्ही हात जोडून नमस्कार करा आणि बाजूने पाहा. तळहात आणि सगळी बोटं एकमेकांना सपाट टेकली पाहिजेत. बोटांच्या मध्ये फट राहत असेल आणि ती दाबूनही मिटत नसेल, तर सांधे ताठ होऊ लागले आहेत. जुन्या मधुमेहात हे बऱ्याचदा दिसतं.

‘साखर कधी तपासली होती?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आमच्या घरात कुणालाच नाही, मला कशी असेल?’ बोट दाखवायला आलेल्या आणि मधुमेह घेऊन परत गेलेल्या अशा कितीतरी बायका मला आठवतात. त्यांना वाईट वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण डोळ्यांवर किंवा मूत्रपिंडावर परिणाम झाल्यावर कळण्यापेक्षा बोटावरून कळलेलं केव्हाही बरं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, आणि पुन्हा तपासून तेच आलं, तर तो मधुमेह धरला जातो. ही तपासणी साधी आहे. सरकारी रुग्णालयात जाऊन करून घ्या, ओळखीच्या लॅबमध्ये करा, पण करा.

साखरेखेरीज आणखी काही आजार याच्याशी जोडलेले आहेत. थायरॉइड कमी असणं हा एक. आमवात, म्हणजे ज्यात सकाळी उठल्यावर तासभर हातांचे सगळेच सांधे ताठ आणि सुजलेले असतात, तो दुसरा. रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील, तर मनगटातली नस दबलेली असू शकते, आणि हे दोन त्रास बऱ्याचदा एकत्र येतात. स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या काही बायकांनाही बोट अडकण्याचा त्रास होतो. त्यांनी ती गोळी स्वतःहून बंद करू नये. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना बोटाबद्दल सांगावं, ते मार्ग काढतात.

आता जे करू नये ते स्पष्ट सांगतो. अडकलेलं बोट हिसका देऊन मोडू नका आणि कुणाकडून मोडून घेऊही नका. ‘नस चढली आहे, उतरवून देतो’ म्हणणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. इथे नस चढलेली नसते, त्यामुळे उतरवायलाही काही नसतं. प्रत्येक हिसक्याने कंडरा कड्यावर आणखी घासते आणि सूज वाढते. जोरकस मालिशचंही तसंच. बिब्बा लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि मधुमेह असेल तर त्या जखमेत पू होऊन हातावर बेतू शकतं. डाग किंवा चटके देण्याचा प्रकार तर पूर्णपणे बंद व्हायला हवा. मधुमेहात हाताची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून गरम विटेचा, तव्यावरच्या फडक्याचा शेकही धोक्याचा. शेकायचंच असेल तर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात सकाळी पाच-दहा मिनिटं हात बुडवा आणि पाण्यातच बोटं हलक्या हाताने मिटा-उघडा. त्याने सकाळचा ताठरपणा खरोखर कमी होतो.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नाही. हाताला काटा टोचला, मासे साफ करताना माशाचा काटा लागला, सुरी लागली, आणि एक-दोन दिवसांत ते बोट सगळंच्या सगळं सुजलं, वाकलेलं राहिलं, तळहाताकडच्या बाजूने पूर्ण लांबीत दाबल्यावर दुखू लागलं आणि कुणी जरासं सरळ केलं तरी जीव कासावीस झाला, तर तो ट्रिगर फिंगर नव्हे. कंडरेच्या पिशवीत पू झाला आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा. उशीर झाला तर ते बोट कायमचं निकामी होऊ शकतं. आणि एक फरक लक्षात ठेवा. तळहातात न दुखणारी जाड दोरी तयार होऊन बोट हळूहळू वर्षानुवर्षं आत वळत गेलं असेल, खटका नसेल, तर तो निराळा आजार आहे. त्याचे उपचारही निराळे.

उपचारांकडे वळू. त्रास नवा असेल, फक्त सकाळी बोट अडखळत असेल, तर पहिला उपाय म्हणजे त्या जागेवरचा दाब कमी करणं. हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, याची मला जाणीव आहे. ज्याचं पोट हातावर आहे त्याला ‘हात वापरू नका’ असं सांगण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी बदलता येतात. भाजीची पिशवी बोटांत अडकवून आणू नका, खांद्याला लावा. बादली अर्धीच भरा. ओले कपडे, फरशीचं फडकं हाताने पिळणं हे या दुखण्याला सगळ्यात वाईट. ते दुसऱ्याकडे द्या, किंवा कपडे न पिळता निथळत घाला. खुरप्याची, सुरीची, कात्रीची मूठ बारीक असेल तर तिच्यावर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी किंवा कापड गुंडाळून ती जाड करा. मूठ जाड झाली की तळहातावरचा दाब पसरतो. बोट अडकतं का हे पाहायला दिवसातून पन्नास वेळा मिटून-उघडून पाहू नका. ही सवय बहुतेक सगळ्यांना असते, आणि ती त्रास वाढवते.

दुसरा उपाय पट्टीचा. बोटाच्या मुळाचा सांधा जवळजवळ सरळ ठेवणारी लहानशी प्लास्टिकची पट्टी मिळते. ती लावल्यावर पुढची पेरं हलवता येतात, पण पूर्ण मूठ वळत नाही, म्हणून कंडरा कड्याखालून घासत नाही. साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, शक्य तितका वेळ आणि रात्री तर नक्कीच ती घालावी लागते. नवीन दुखण्यात अनेकांना तेवढ्याने बरं वाटतं. आठ दिवस लावून ‘गुण येत नाही’ म्हणून काढून टाकणाऱ्यांना मी सांगतो, थोडा धीर धरा.

वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण कडं त्यांनी मोकळं होत नाही. मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी तर या गोळ्या विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नयेत.

त्यानंतर इंजेक्शन. याच्याविषयी लोकांच्या मनात इतकी भीती बसली आहे की मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकला की माणसं उठून जातात. महिनोन्‌महिने पोटात घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचे दुष्परिणाम खरे आहेत, त्यामुळे ही भीती कुठून आली ते समजतं. पण इथे गोष्ट निराळी आहे. अगदी थोडं औषध, एकदाच, त्या कड्यापाशी दिलं जातं. सूज उतरते आणि कंडरा पुन्हा मोकळी सरकू लागते. गुण लगेच दिसत नाही, काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. पहिले एक-दोन दिवस तर दुखणं थोडं वाढूही शकतं, त्याने घाबरून जाऊ नका. एका इंजेक्शनने निम्म्याहून जास्त रुग्णांचं बोट सुटतं. काहींना वर्षभरात पुन्हा त्रास होतो, मग दुसरं देता येतं. दोनदा देऊनही बोट अडकत राहिलं तर बहुतेक डॉक्टर तिसऱ्याच्या मागे लागत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण पुन्हा पुन्हा दिलेल्या औषधाने कंडरा कमजोर होण्याचा धोका असतो. इंजेक्शनच्या जागची कातडी थोडी पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. जंतुसंसर्ग क्वचित होतो.

मधुमेह असलेल्यांना हे इंजेक्शन घेता येतं, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. त्यांच्यात गुण येण्याचं प्रमाण कमी असतं. आणि इंजेक्शननंतर साधारण आठवडाभर रक्तातली साखर वाढलेली राहू शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज तपासा, मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि कुठल्याही इंजेक्शनआधी ‘मला साखर आहे’ हे स्वतःहून सांगा. गर्दीच्या ओपीडीत समोरचा विचारेलच असं धरून चालू नका.

एवढं करूनही बोट सुटलं नाही, किंवा ते आधीच घट्ट अडकून बसलेलं असेल, तर छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. ‘नस कापणार’, ‘नंतर बोट वाकणारच नाही’, ‘आयुष्यभर हात अधू’, हे सगळं मी पुन्हा पुन्हा ऐकतो. प्रत्यक्षात होतं ते असं. पूर्ण भूल देत नाहीत, फक्त तळहाताचा तेवढा भाग बधिर करतात. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा छेद घेतात आणि ते अरुंद झालेलं पहिलं कडं उभं चिरून मोकळं करतात. कंडरा कापत नाहीत. बोटातली दुसरं आणि चौथं ही दोन कडी खरा भार धरतात, ती शाबूत राहतात, म्हणून पहिलं कडं उघडल्याने बोटाची ताकद जात नाही. शस्त्रक्रिया चालू असतानाच डॉक्टर सांगतात, ‘बोट हलवून दाखवा,’ आणि कित्येक महिन्यांनी ते बोट न अडखळता मिटतं-उघडतं हे रुग्ण स्वतः पाहतो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्याच दिवशी घरी जाता येतं. काही ठिकाणी छेद न घेता जाड सुईनेही कडं मोकळं करतात. अनुभवी हातात तोही चांगला उपाय आहे. अंगठ्यात मात्र संवेदनेच्या नसा त्या जागेच्या अगदी जवळून जातात, त्यामुळे तिथे उघडून केलेलं मला जास्त सुरक्षित वाटतं.

धोका अजिबात नाही असं म्हणणार नाही. टाक्यांच्या जागी जंतुसंसर्ग, काही आठवडे दुखरेपणा, बोटात ताठरपणा आणि क्वचित नसेला इजा होऊन बोटाच्या एका कडेला बधिरपणा, हे होऊ शकतं. पण ज्यांची शस्त्रक्रिया होते त्यांतल्या बहुतेक सगळ्यांचा खटका कायमचा जातो. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. तीन महिन्यांची सरासरी आठच्या आत असली की जखम भरायला सोपं जातं. आमवाताच्या रुग्णांनी तो आजार आहे हे सर्जनला आवर्जून सांगावं, कारण त्यांच्यात शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीने करावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात. आदल्या रात्री अंगठ्या आणि त्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा. सुजलेल्या बोटातली अंगठी नंतर कापून काढावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोट जपून ठेवणं. भीतीपोटी आठ-दहा दिवस बोट हलवलंच नाही, तर मोकळी केलेली कंडरा आजूबाजूला चिकटते आणि बोट पुन्हा ताठ होतं. त्याच संध्याकाळपासून बोट पूर्ण मिटायचं आणि पूर्ण उघडायचं, दिवसातून बऱ्याचदा, दुखलं तरी सावकाश. हात छातीच्या पातळीवर उंच ठेवायचा, खाली लोंबता नाही. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. जड काम तीन-चार आठवड्यांनी. तळहातातला दुखरेपणा आणि सूज पूर्ण जायला काही महिने लागतात. ते माहीत असलं की उगाच ‘ऑपरेशन बिघडलं’ असं वाटत नाही.

उशिराची किंमत इथेच कळते. बोट महिनोन्‌महिने वाकलेलंच राहिलं तर मधल्या पेराचा सांधाही आखडतो. मग तळहातातलं कडं मोकळं करूनही बोट पूर्ण सरळ होत नाही, व्यायाम आणि पट्टी यांत पुढचे कित्येक महिने जातात, आणि काहींच्या बोटात थोडा बाक कायमचा राहतो. खटका असताना आलात तर उपाय सोपे आहेत. बोट बंद पडल्यावर आलात तर तेच उपाय अपुरे पडतात.

लहान मुलांच्या आयांसाठीही थोडं सांगतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाचा अंगठा टोकाच्या पेरात वाकलेला दिसतो, सरळ होत नाही, आणि घरात धावपळ उडते. कुणी म्हणतं पडला असेल, कुणी म्हणतं कुणीतरी ओढला असेल. आई स्वतःला दोष देत बसते. बहुतेक वेळा यात कुणाची चूक नसते. मुलाच्या कंडरेवरही तशीच गाठ तयार होते, आणि ते मुलाला फारसं दुखतही नाही. बऱ्याच मुलांत दोन-चार वर्षांत ते आपोआप सुटतं. म्हणून दाखवून ठेवा, वाट पाहा, डॉक्टर शिकवतील तसा हलका व्यायाम द्या, पण अंगठा ओढून सरळ करायला जाऊ नका. सुटलं नाही तर लहानशी शस्त्रक्रिया करतात आणि तिचा परिणाम चांगला असतो.

कुठे जायचं, हाही प्रश्न असतो. गावातल्या डॉक्टरांना आधी दाखवा. त्यांना निदान करता येतं आणि साखरही तेच तपासतील. पुढच्या उपचारांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा हाताच्या सर्जनकडे जावं लागतं. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग असतो. तिथे केस पेपर काढून दाखवता येतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.

आणि आता बोट ज्याचं दुखतं त्याला नव्हे, त्याच्या घरच्यांना सांगतो. पट्टी लावलेली असो की टाके घातलेले असोत, त्या आठवड्यांत कपडे पिळणं, कणीक मळणं, बादल्या उचलणं, भांडी घासणं यातलं एकही काम त्या हातावर पडता कामा नये. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी ही कामं वाटून घ्यावीत. ‘तिला सवय आहे, ती करते’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे, आणि या वाक्यामुळेच बोटं पुन्हा अडकताना पाहिली आहेत. तुमच्या घरात कुणी सकाळी उठून एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट उघडत असेल, तर ती आपणहून सांगणार नाही. तुम्ही विचारा, आणि याच आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जा.